रंगाची बाटली

व्यंकटरावांच्या संडासात ओतलेला रंग विहिरीत आलाच नाही.

सरपंच द्वारकाबाई काठावर वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. पाणी रोजच्यासारखंच होतं. वस्तीत कावीळ पसरली तेव्हापासून त्यांचा संशय व्यंकटरावांवर होता, आणि ग्रामसभेत त्यांनी तो नाव न घेता बोलूनही दाखवला होता. "ज्याच्या संडासाचं पानी हिरीत येत असंन, त्याच्या दाराले मी माह्या हातानं कुलूप लावीन. मंग तो कोनी का असंना." टाळ्या पडल्या होत्या.

त्याच सभेत ठराव करून पंचायतीनं नागपूरचा तज्ज्ञ बोलावला, तो ईशान. तरुण माणूस, बोलायला कंजूष. त्याची रीत साधी होती. एका घरच्या संडासात हिरवा रंग ओतायचा आणि विहिरीवर नजर ठेवायची. काही दिसलं नाही की पुढचं घर. विहिरीच्या वरच्या अंगाला घरं मोजकीच होती. व्यंकटरावांचं झालं. पुढचं घर द्वारकाबाईंचंच होतं.

"तळ न केलेली संडासाची टाकी सगळ्यात वाईट," चढ चढताना ईशान म्हणाला. "वरून काही कळत नाही, आणि खालून सगळं विहिरीत."

द्वारकाबाई दोन पावलं मागे रेंगाळल्या. त्यांच्या टाकीला तळ नव्हता. गवंड्याला तसं त्यांनीच बजावलं होतं. तळ नसला की पाणी जमिनीत मुरतं आणि टाकी उपसायची कटकट राहत नाही, असा त्यांचा हिशेब. बापूजी, त्यांचे मास्तर नवरे, "विहीर खाली हाये, बरं," असं एकदा पुटपुटले होते. पण घरात त्यांचं चालत होतं कधी? काम संपायच्या आत द्वारकाबाईंना बेल्लमपल्लीला माहेरी जावं लागलं, तर बसमध्ये चढता चढताही त्यांनी गवंड्याला पुन्हा दम भरला. आता बापूजीही राहिले नव्हते. टाकी आजवर एकदाही उपसावी लागली नाही, हे मात्र त्या बायकांत कौतुकानं सांगत.

आज उशीर झाला, उद्या बघू, असं त्या म्हणणार तेवढ्यात मागून गयाबाई आली. तिचा नातू कावीळ होऊन अंथरुणाला खिळला होता. तिला सरपंचांचा भारी अभिमान.

"बाई, तुमच्या घरी काऊन रंग टाकून राह्यले?" ती म्हणाली. "तुमच्यावर कोनाचा भरोसा नाई का?"

ही पळवाट होती. पण मागे चार माणसं उभी होती, त्यांत व्यंकटरावही. द्वारकाबाईंच्या तोंडून सवयीनं भलतंच निघालं. "टाकू द्या. कायदा सगळ्याइले सारखा."

इतर घरी ईशान स्वतः समोर उभा राहून रंग ओतवायचा. इथं त्यानं सरपंचांचा मान ठेवला. ओसरीवर बसला, चहाचा कप घेतला आणि बाटली त्यांच्या हाती दिली. रिकामी बाटली तेवढी परत द्या, म्हणाला.

मागच्या दारी बाटली धरून द्वारकाबाई इकडेतिकडे पाहत होत्या. मोरीत ओतावा तर नाली हिरवी होणार. अंगणात ओतावा तर माती बोलणार. संडासात ओतावा तर संपलंच. परसात एक आटलेली बोअर होती, तिच्या पाइपावर सपाट दगड ठेवलेला. त्यांनी दगड सरकवला, बाटली आत उपडी केली, वरून दोन बादल्या पाणी सोडलं. मग ओसरीवर ऐकू जाईल असं संडासात पाणी ओतलं आणि बाटली नेऊन दिली.

गयाबाईच्या नातवाचं पिवळं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. गवंडी बोलावून गुपचूप तळ करून घेऊ, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. तेव्हा कुठं त्या जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी विहीर हिरवीगार झाली.

बोअरमधून रंग विहिरीत कसा उतरला, ते त्यांना बघताक्षणी उमगलं. पण सांगायचं कोणत्या तोंडानं? आणि सांगून तरी काय, दोष आपल्या टाकीचाच आहे, रंग दुसऱ्या वाटेनं आला एवढंच. करावं तसं भरावं, असं म्हणून त्यांनी घरातून कुलूप आणलं आणि भर वस्तीसमोर आपल्या संडासाला लावलं.

वस्तीनं त्यांना डोक्यावर घेतलं. सरपंच असावा तर असा, म्हणाले. व्यंकटरावांनीही हात जोडले. द्वारकाबाईंना तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

दोषी घर सापडलं, म्हणून बाकीच्या घरांची तपासणी थांबली. विहीर उपसली, औषध टाकलं, आणि वस्ती पुन्हा निर्धास्त पाणी पिऊ लागली.

महिना उलटला नाही तोच कावीळ परत आली. या खेपेला गयाबाईची सून आजारी पडली. पोटुशी होती. दवाखान्यात नेली, ती तिथंच गेली.

पंचायतीनं ईशानला पुन्हा बोलावलं. कुलूप लावलेल्या संडासाच्या टाकीत जुना मैला असणार, तोच अजून पाझरत असेल, असा त्याचा अंदाज. त्यानं मैला उपसणारी गाडी मागवली. द्वारकाबाईंनी हरकत घेतली नाही. एकदाचा तो उघडा तळ सगळ्यांनी पाहावा आणि आपण सुटावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. वस्ती गोळा झाली. गयाबाई पुढेच उभी होती.

टाकी रिकामी झाल्यावर ईशान पालथा पडून बॅटरीच्या उजेडात आत पाहत राहिला.

"तळ सिमेंटचा आहे," तो म्हणाला. "भिंतींना आतून गिलावा. वरचं पाणी पाइपानं विहिरीच्या उलट्या बाजूला, ओढ्याकडं काढलंय. ज्यानं कुणी करून घेतलंय, जीव ओतून करून घेतलंय. इथून विहिरीत थेंबही जाऊ शकत नाही."

तो उठला, गुडघे झटकले आणि द्वारकाबाईंकडे वळला.

"मॅडम, मग मी दिलेला रंग तुम्ही कुठं ओतला होता?"