राखेवरचा माग

मुंबईच्या शाळेतले आठ मास्तर कोंडाण्याची लेणी पाहायला आले आणि डोंगराच्या पायथ्याशी दोन तंबू ठोकून मुक्कामाला राहिले. वाट दाखवायला ठाकूरवाडीतला जैतू सोबत होता. दिवस मावळताना त्यानं चुलीतली राख तंबूंभोवती गोल पसरली.

"हे कशाला रे?" थोरल्या सबनीस मास्तरांनी विचारलं.

"जनावर आलं गेलं तर माग उमटतो, मास्तर. सकाळी मी बघेपातूर राख कुनी वलांडू नका."

बापानं घालून दिलेली ही रीत जैतूनं कधी मोडली नव्हती.

उजाडलं तेव्हा राखेत माणसाची अनवाणी पावलं होती. आतून बाहेर, लेण्यांच्या दिशेनं गेलेली. परतीचं एकही नव्हतं. जैतूनं तंबूंचे पडदे सारून पाहिलं. आठही मास्तर गाढ झोपले होते.

तो पुन्हा मागापाशी येऊन बसला. डाव्या पावलाला करंगळी नव्हती. जैतूच्या डाव्या पायाची करंगळी बारा वर्षांपूर्वी कुऱ्हाडीखाली गेली होती. पण तो तर रात्रभर राखेच्या आत, चुलीपाशीच निजला होता.

सबनीस मास्तर डोळे चोळत बाहेर आले आणि त्याच्यापासून दोन हातांवर थांबले.

"जैतू, अरे कुठं गेलास?"

जैतूनं तोंड उघडलं. तेवढ्यात वर लेण्यांकडून त्याच्याच आवाजात ओ आली, "हितं हाय, मास्तर. या वर."

"आलो रे," म्हणत मास्तरांनी राखेपलीकडं पाऊल टाकलं.