तांब्याच्या रंगाचं फूल

पाटोद्याच्या भाड्याच्या खोलीत माती नव्हती, म्हणून मोहिनीनं डेलिलीच्या फुलझाडांचा वाफा तलवाड्याला, माहेरच्या परसात केला होता. तीन वर्षांपूर्वी तिनं एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावून बी धरलं. दोनशे रोपं केली. जशी फुलली तशी निवडत, उपटत शेवटी एकच ठेवलं. त्याचं फूल तांब्याच्या रंगाचं होतं आणि आत गडद जांभळं. तसं कुणाकडंच नव्हतं.

आज भावासोबत गेवराईच्या कचेरीत जाऊन ती वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडणार होती.

"रामेश्वर, जमीन तुलाच राहू दे," तिनं फोनवरच सांगितलं होतं. "मला फक्त माझं ते रोप नेऊ दे."

आल्या आल्या ती खुरपं घेऊन परसात गेली. वाफ्याच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि त्यांच्यावर रामेश्वरची नवी गाडी उभी होती.

"माझं रोप कुठंय?"

"मिस्तरीनं फेकलं आसंल," रामेश्वर गाडीचं दार उघडत म्हणाला. "आगं ताई, एका दिवसात सुकणारं फूल ते. त्याच्यापायी कावून एवढं तोंड पाडायलीस? बस, उशीर व्हायलाय."

मोहिनीनं ते उघडं दार धाडकन लावून टाकलं.



"मी येत न्हाई. माझ्या वाट्याचे दोन एकर मोजून दे. मला रोपं लावायचीत."