हसायची चोरी

"किती दुखतंय?" बिर्गिटेने विचारलं आणि चेहऱ्यांचं कार्ड पुढे धरलं. एका टोकाला खदखदून हसणारा चेहरा, दुसऱ्या टोकाला धाय मोकलून रडणारा. टिल्डेने हसऱ्यावर बोट ठेवलं.

"मग औषध नको?"

"नको."

टिल्डेचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दोन-तीन दिवस झाले होते. नर्स बिर्गिटेने कालच सांगून ठेवलं होतं, पोट साफ झाल्याशिवाय घरी सोडणार नाही. आणि आज तर सांक्त हान्सच्या सणाची संध्याकाळ. गावच्या किनाऱ्यावर होळी पेटणार, आणि तिच्या टोकावर बसायची ती गवताची चेटकीण या वर्षी टिल्डेने केली होती, आजीचा जुना झगा घालून.

आता आठ वर्षांच्या डोक्याचं गणित ऐका. मॉर्फीनने दुखणं झोपतं, पण पोटातली आतडीही सुस्तावतात, असं तिने डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं. मग औषधच घेतलं नाही तर? म्हणून कालपासून बाईसाहेब हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून दात-ओठ खात पडल्या होत्या. पलंगावरून उतरायचं नाव नाही.

उशाशी तिचे आजोबा बसले होते. एगॉन त्यांचं नाव, जन्मभर फेरीबोटीचे कप्तान. पोरीची कळी खुलावी म्हणून त्यांनी ठेवणीतला किस्सा काढला. एकदा एक डुक्कर त्यांच्या बोटीवर चढलं ते दिवसभर फुकट फेऱ्या मारत राहिलं. हे शंभरदा ऐकूनही टिल्डे हसून लोळायची. आज तिने उशी पोटाशी घट्ट धरली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

आजोबांनी किस्सा अर्ध्यावर सोडला.

"बिर्गिटे, ही थापा मारतेय," ते म्हणाले. "बोट हसऱ्या चेहऱ्यावर, आणि हसायची मात्र चोरी."

टिल्डेचा बांध फुटला. औषध घेतलं की शी होत नाही, शी झाली नाही तर घरी जाता येत नाही, आणि मग माझी चेटकीण माझ्याशिवायच जळणार, हे सगळं ती एका दमात रडत बोलली. रडतानाही दुखत होतं बिचारीला.

बिर्गिटे रागावली नाही. पलंगाच्या कडेवर टेकून म्हणाली, "अगं वेडाबाई, दुखतंय म्हणून तू पडून राहतेस, आणि तू पडून राहतेस म्हणून तुझी आतडीही पडून राहतात. औषध घे आणि चाल. त्यांना उठवायचं मी बघते."

मग औषधाचा एक छोटा घोट, वर पोट साफ करायची पूड आणि आलुबुखाऱ्याचा गोडमिट्ट रस. दुखणं जरा मऊ पडल्यावर आजोबांचा हात धरून टिल्डे वाकून वाकून चालू लागली. आजोबा कप्तानाच्या आवाजात पुढचे धक्के पुकारत होते: खिडकी, पाण्याचा नळ, मासोळ्यांची काचपेटी. काचपेटीपाशी टिल्डे एकदम थांबली.

"आजोबा, मागे फिर. लवकर."

एवढ्या चपळाईने त्यांनी आयुष्यात बोट वळवली नसेल.

दुपारचं जेवण आलं तेव्हा ताटात काळ्या पावाशेजारी एक कागदी लाल-पांढरा झेंडा उभा होता, तिकडे वाढदिवसाला लावतात तसा. बिर्गिटेचंच काम. तेवढ्यात डॉक्टर आले; चेटकिणीची गोष्ट बिर्गिटेने त्यांच्या कानावर घातलीच होती. झेंडा पाहून त्यांनी रीतीप्रमाणे आधी आजोबांचा हात हातात घेतला आणि नातीबद्दल अभिनंदन केलं. मग टिल्डेला विचारलं, किती वर्षांची झालीस?

"वाढदिवस नाहीये," टिल्डे म्हणाली. "शी झाली."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. त्यांनी आजोबांचा हात पुन्हा हातात घेतला.

"मग तर मनापासून अभिनंदन. आता निघा, चेटकीण वाट पाहत असेल."

आजोबा खो खो हसत सुटले, बिर्गिटेने तोंडाला पदर नाही तर रुमाल तरी लावला, आणि टिल्डेलाही आवरेना. उशी पोटाशी दाबून ती हसत होती, आणि दुसऱ्या हाताने कार्ड ओढून मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवत होती.

"एवढं दुखतंय," ती म्हणाली. "आजोबा, त्या डुकराचं पुढे सांग ना."