लर्निंग लायसन्स

"हायवेवर हात बसवायचाय," म्हणत सोळा वर्षांच्या मार्लीने बाबांना शेजारी बसवलं. दिवस गेलेत आणि गर्भपाताचं मन पक्कं होत नाहीये, हे वाटेत सांगायचं होतं; तोंडच उघडेना. एरवी बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहायचे. आज गर्भपाताला बंदी असलेल्या टेक्सासची हद्द मागे पडली तरी त्यांचा पाय हलला नव्हता.

चौकात तिने गाडी हळू केली.

"क्लिनिक डावीकडे," बाबा म्हणाले. "सरळ गेलीस तर पॅनकेक झकास मिळतात, खाऊन घरी जाऊ. गाडी तू चालवतेयस."

मार्लीने डोळे पुसले आणि डावा इंडिकेटर दिला.

"येताना मी चालवीन," बाबा म्हणाले. "मागे तुझी उशी ठेवलीय सकाळीच."