खोक्यातला पंप

"ह्यो नको. खोक्यातला द्या," बाई म्हणाली.

आप्पासाहेबांचा हात काउंटरवरच्या पंपावर तसाच राहिला. इंदापूरच्या स्टँडजवळ त्यांचं टायर-ट्यूबचं दुकान होतं. दाखवायला मांडलेला नग आधी खपवायचा आणि खोकं मागाहून फोडायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्याला आजवर कुणी हरकत घेतली नव्हती. त्यातून पायानं दाबायचा, वर काटा बसवलेला हवेचा पंप बाईमाणसानं मागायचा, हे त्यांना नवीनच होतं. शहाण्णव साल उजाडलं म्हणून काय झालं!

"अहो, खोक्यातबी हाच माल हाय. बघा की!" त्यांनी सवयीनं पंप उचलला आणि काउंटरच्या कडप्प्यावर दाणकन आपटला. "झालं का काय? लोखंड हाय, लोखंड!"

बाईनं डोळे गच्च मिटून घेतले.

"आपटू नका," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

आप्पासाहेब बुचकळ्यात पडले. हा त्यांचा हुकमी डाव होता. पंप आपटला की गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट पिशवी पुढं करायचं. ही तर रडायच्या बेतात आली होती.

"कुठल्या तुमी?"

"वरकुट्याची. छबूबाई म्हनत्यात. उसाची टायरगाडी हाय आमची."

"मग काटा कशाला पायजे? टायरला लाथ घालायची, टणक लागलं की झालं. सगळं गाव तसंच करतंय."

"आमचं मालक कायम काटा बघूनच भरायचं. जुन्या टायरला किती भरायची?"

आप्पासाहेबांना कुणी सल्ला विचारला की त्यांची कळी खुलायची. ते स्टूल ओढून बसले.

"टायरवर आकडा छापलेला असतो. त्याच्यावर जायचं न्हाय. झिजलेलं असंल तर अलीकडंच थांबायचं. उन्हातनं आलेलं टायर आधी गार होऊ द्यायचं, मग मोजायचं. दमादमानं भरायची, मधी थांबून काटा बघायचा. आन् तोंड लांब ठेवायचं. टायरच्या पुढ्यात वाकायचं न्हाय, बाजूला उभं ऱ्हायचं."

"पुढ्यात वाकलं तर?"

"फुटलं तर तोंडावर यील की!"

"मानूस मरंल?"

आप्पासाहेबांनी चष्मा काढला. बाईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

"मरंल, न्हायतर जन्माचा अधू हुईल. पन काटा बघून भरल्यावर फुटंल कशाला?"

"काटा खोटं बोलला तर?"

"बाई, मानूस खोटं बोलंल. माझ्या दुकानातला काटा न्हाय."

"ध्यानात ठेवते," छबूबाई म्हणाली. बंद खोकं पदराआड धरून ती स्टँडकडं चालती झाली.

दुपारी आप्पासाहेब जेवायला घरी गेले. त्यांनी सगळी हकिकत बायकोला, चंद्राबाईला सांगितली.

"तोंडावर फुटलं तर मरंल का, असं इचारलं तिनं?" चंद्राबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, नवऱ्याच्या जिवावर उठलीया ती! आन् तुमी तिला बसून शिकवलंत?"

"दिसायला गरीब हाय गं."

"गरीबच असत्यात तसल्या."

आप्पासाहेबांना काही सुधरेना. मारायचंच असेल तर विळा आहे, विहीर आहे, पंप कशाला? आणि मारायचं नसेल, तर तसले प्रश्न कशाला? विचार करून डोकं उठलं. उद्या खरंच काही झालं, तर पंप कुणी दिला म्हणून बोट आपल्याकडंच येणार. आणि बोट नाही आलं तरी एक माणूस जायचा तो जायचाच. त्यांनी स्कूटरला किक मारली आणि वरकुट्याचा रस्ता धरला.

छबूबाईच्या अंगणात टायरगाडी सोडलेली होती. तिनं पंपाची नळी टायरला जोडली होती. आणि चाकाच्या अगदी पुढ्यात, टायरला नाक लागेल इतक्या जवळ, एक माणूस उकिडवा बसला होता.

आप्पासाहेबांनी स्कूटर तशीच आडवी टाकली.

"थांबा!" ते फाटकातूनच ओरडले. "अहो, बाजूला व्हा! सरका तितनं!"

माणूस सरकला नाही. त्यानं फक्त आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत ओबडधोबड वण होता आणि दोन्ही डोळ्यांच्या जागी नुसत्या मिटलेल्या खाचा होत्या.

"या आप्पासाहेब," छबूबाई म्हणाली. "घाबरून तरी याल, वाटलंच हुतं. मी हवा भरत न्हाय, मोजतीया. आमच्या मालकास्नी दिसत न्हाय. काटा जरा मोठ्यानं वाचा."

आप्पासाहेब वाकले. "चाळीस."

तिनं नळी काढली. गोणपाटात गुंडाळलेला दुसरा, जुना पंप आणला आणि त्याच टायरला लावला.

"आता ह्यो वाचा."

"वीस." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. वीसच. "बाई, ह्यो काटा बिघडलाय. निम्मंच दावतोय."

"गाव म्हनतंय, म्हस्कूनं पिऊन हवा भरली, म्हनून टायर फुटलं. ऐकून ऐकून ह्यास्नीबी तसंच वाटाय लागलं. तवापासनं कुनाशी बोलत न्हाईत."

"वीस?" म्हस्कूचा आवाज बसका, गंजल्यासारखा निघाला. "मी काटा बघूनच थांबलो हुतो, छबू."

आप्पासाहेबांनी जुना पंप उचलून उलटा केला. खालचा एकच कोपरा चेपलेला होता आणि तेवढ्याच जागेचा रंग उडाला होता. कडप्प्यावर ते नेहमी हाच कोपरा आपटायचे.

"लोखंड हाय म्हनाला हुता तुमी," छबूबाई म्हणाली. "ह्यांच्या हातात देताना आपटला हुता, तसा एकदा आपटून दाखवा की. ह्यास्नी आवाज वळखू यील."