चादरींचा पूल
आमच्या रस्त्यावर आखलेला उड्डाणपूल हवाच, असं मी रहिवाशांच्या सभेत ठणकावलं. हूटगळ्ळीच्या कारखान्यातून ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, लेक दिवसाउजेडी भेटतच नाही. समोरच्या तुंगाकाकू म्हणाल्या, "अय्यो, सुम्ने, उगाच भांडता कशाला? पूल टांगून बघू या." घराघरातून चादरी मागून त्यांनी देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याकडून जोडून आणल्या. रविवारी पोलिसांनी वाहतूक थांबवली. दोन्हीकडच्या गच्च्यांवरून दोर ओढले गेले आणि पुलाच्याच उंचीवर, पुलाएवढं रुंद छत बघता बघता आमच्या डोक्यावर ताणलं गेलं. केवढं होतं ते! पूल आखणारे इंजिनिअरही मान वर करून बघत राहिले. भर दुपारी रस्ता झाकोळला. मग काकूंच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. शेजारी लागला, पलीकडे लागला. मी वळून आमच्या खिडकीकडे पाहिलं. वहीत डोकं खुपसलेल्या लेकीने वर न बघताच दिव्याचं बटण दाबलं.