दोन मिनिटं उभं राहून

"आता सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून डॉक्टरसाहेबांना श्रद्धांजली वाहावी," सभा चालवणारे महादेवराव म्हणाले, आणि रुपरावने आधी खाली पाहिलं. पडायच्या जागी दगड नव्हता. मागे दोन दणकट माणसं उभी केलेली होतीच. तो खुर्चीचा हात धरून उभा झाला.

उभं राहणं हेच तर त्याचं दुखणं. बसला की ठीक, आडवा झाला की अगदी चांगला. उभा झाला की छातीत धडधड, मग दाबल्यासारखी कळ, मग डोळ्यांपुढे अंधार. पोटाची तऱ्हा वेगळीच. दोन घासांत पोट तट्ट व्हायचं, तिसरा घास वर यायचा. आज ज्यांची शोकसभा चालली होती त्या मनोहरराव डॉक्टरांनी त्याला वर्षानुवर्षं टेबलावर निजवून तपासलं. निजलेल्या रुपरावमध्ये सापडणार काय, कपाळ? ईसीजीची पट्टी चांगली, छातीचा फोटो चांगला, नाडी चांगली. "गॅस आहे, आणि थोडं मनाचं," म्हणून डॉक्टर सोड्याची बाटली द्यायचे.

"एकदा उभं करून पाहा ना, डॉक्टरसाहेब."

"उभं करून बैल पाहतात, रुपराव. माणूस निजवूनच पाहतात."

घरी बायको गोपिका. बाई मनाची चांगली, पण तिलाही ते पटेना. "बसून बरं, झोपून बरं, आन् घासलेटच्या लायनीत उभं राह्यलं की दुखते," ती म्हणायची. "असं सोयीचं दुखणं मले काहून नाही होत?" जगाने ढोंगी म्हटलं तर म्हणो बापडं. पण गोपिकाने एकदा खरं मानावं, एवढ्या एकाच गोष्टीसाठी त्याचा जीव तुटायचा.

शोकसभेत मात्र त्याला कोणी ढोंगी म्हणत नसे. वाडीच्या ज्या गोदामात तो बसून पावत्या लिहायचा, तिथले म्हातारे मालक वारले तेव्हा मौन चालू असतानाच तो धाडकन पडला. लोकांनी डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला. "मले बिमारी आहे गा," तो सांगत होता. "असतेच," लोक म्हणाले, "मन हळवं असलं की असतेच." तेव्हापासून त्याचं नाव झालं. लग्नाला बोलवावं तसे लोक शोकसभेला बोलवायला घरी येऊ लागले. कळमेश्वरहून एकदा जीप आली. रुपराव पडला नाही तर मयताचा मान राहिला नाही, इथवर मजल गेली. एकदा सूत्रसंचालकाचं घड्याळ जोरात पळत होतं, मौन लवकर आटोपलं आणि रुपराव पडायचा राहिला. मयताचा मुलगा चवताळून म्हणाला, "आमच्या बाबांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

तरी तो जात राहिला. पडल्यावर कोणी पाणी पाजावं, एवढं सुख त्याला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

गोपिकाला याचाही राग. "लोकाच्या मेल्यावर पडता. माझा बाप गेला तेव्हा तर साधे डुललेही नाही."

"अवं, तिथं सतरंजीवर बसले होते सारे."

"दुःखाले सतरंजी लागते काय?"

आणि आज तर खुद्द डॉक्टरांचीच सभा. दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच, सभाही त्याच्यासमोर मांडव घालून. रुपराव सकाळपासून धुसफुसत होता. "त्या माणसानं माझा जन्म सोड्यात घालवला. त्याच्यासाठी मी उभा नाही होत, जा."

"शेजारधर्म आहे. बायका तोंडात शेण घालतील माझ्या," गोपिका म्हणाली, आणि त्याला घेऊनच आली. बायकांची रांग पुरुषांच्या रांगेला लागूनच होती. ती त्याच्या हाताच्या अंतरावर बसली. महादेवराव डॉक्टरांचा हातगुण सांगत होते आणि रुपराव दातओठ खात पुटपुटत होता, "हातगुण म्हणे. त्या हातानं बाटलीच दिली." गोपिकाने दोनदा दटावलं. उभं राहायची हाक आली तरी त्याच्या तोंडातली शिवी संपली नव्हती.

मौन निम्म्यावर आलं आणि तो पडला. मागच्या दोघांनी झेलून सतरंजीवर निजवला. मांडवात हळहळ पसरली. महादेवरावांनी रुपरावकडे बोट दाखवलं. "पाहा," ते म्हणाले, "डॉक्टरसाहेबांवर किती जीव होता या माणसाचा."

गोपिका वाकली. तिने त्याचा हात हातात घेतला. हात गार पडला होता, घामाने निथळत होता, आणि मनगटातली शीर भयंकर उडत होती. ती त्या मनगटाकडे पाहत राहिली. दुःखाने पडला म्हणावं तर शिवी अजून ओठांवर होती. काम टाळायला पडला म्हणावं तर इथे काम कुठलं? घासलेटच्या रांगेतून तिने त्याला किती वेळा दंडाला धरून उठवलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"दुःखबिख काही नाही झालं यायले," ती मोठ्याने म्हणाली. "यायले बिमारी आहे. उभं राहायची बिमारी."

महादेवराव दुखावले. "बाई, निदान आज तरी असं बोलू नका. यांना काही झालेलं नाही असं स्वतः डॉक्टरसाहेब सांगत."

"डॉक्टरसाहेब गेले," गोपिका म्हणाली. "आता मी सांगून राहिली."

रुपरावने डोळे उघडले आणि तिचा हात घट्ट धरून तो ढसाढसा रडू लागला. एवढ्या शोकसभा झाल्या, पण रडला तो आजच.